अर्धं आटवलेलं पाणी

आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर, माझ्या अक्षरातली एक ओळ बरीच वर्षं होती : 'पिण्याचे पाणी वीस मिनिटे उकळावे.' मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा गावात काविळीची साथ आली. त्या वेळी ती ओळ खडूनं लिहिली, आणि पुसट व्हायला लागली तशी तेलरंगानं पक्की केली. वर्गात बाईंनी दहा मिनिटं सांगितली होती. वरची दहा माझ्या पदरची. दहा सांगितली तर आई पाच मिनिटांत टोप उतरवेल, अशी माझी भीती. आईनं वीस म्हणजे वीस धरली, आणि घड्याळाचा काटा नीट दिसत नाही म्हणून वर आणखी थोडी.

घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्यासाठी आईबाबांनी काय काय सोडलं ते इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की मी शिकून येऊन जे सांगेन ते त्यांनी कधी पारखून घेतलं नाही. दर दिवाळीला बाबा भिंतींना रंग लावायचे, पण ती ओळ सोडून लावायचे. आळीतल्या बायकाही पाणी उकळायला लागल्या. "कॉलेजवालीनं सांगितलंय," असं एकमेकींना म्हणायच्या. त्या साथीत आमच्या आळीत नवा आजारी कुणी झाला नाही. मला त्या ओळीचा अभिमान होता, हे लपवत नाही.

आमचं गाव कडावच्या पुढे, नदीच्या अंगाला. घरापासून उतरत गेलं की भाताची खाचरं, मग आमची विहीर, विहिरीच्या खाली गाळाची जमीन आणि तिच्यापलीकडे नदी. म्हणजे होतं असं. आता वरच्या खाचरांत मुरमाचा भराव पडून बंगले झालेत. मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी येतात, रविवारी जातात. त्यातली चार खाचरं आमची होती. बाबांनी ती विकली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका बंगल्यावर माळीकामाला लागले. माणसं हसली. बाबा म्हणाले, "जमीन माझ्या वळखीची हाय, तिला पण बरं वाटंल."

विहीर मात्र राहिली. पंचायतीचा नळ दारात आहे, पण तो एक दिवसाआड येतो, पाण्याला जंतू मारायच्या टीसीएल पावडरीचा वास असतो आणि पावसाळ्यात ते गढूळ होतं. ते भांडी-कपड्याला. पिण्याला विहिरीचं. दरवर्षी पंचायतीचा माणूस एका बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन ठेवायचा. पाण्यात जंतू असले की ती बाटली काळी पडते. आमची कधीच काळी पडली नाही. कागद यायचा, त्यावर लिहिलेलं असायचं : पिण्यास योग्य.

मी स्वतः मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्याची आणि द्रावणांची तपासणी करते. आमच्या विहिरीचं पाणी एकदा तरी बाटलीत भरून न्यावं, हे नोकरीच्या आठ वर्षांत मला सुचलं नव्हतं.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती मार्गशीर्षात. सिझेरियन झालं, मुलगी झाली, सगळं ठीक. घरी आल्यावर चौथ्या दिवशी टाक्यांत पू झाला, ताप आला, औषधं सुरू झाली आणि अंगावरचं दूध जवळजवळ गेलं. डॉक्टरांनी डब्यातलं पावडरचं दूध लिहून दिलं आणि बजावलं, "पाणी मात्र उकळून घ्या हं." आईनं माझ्याकडे बघून मान डोलावली. जणू म्हणत होती, ते आम्हाला सांगायला नको.

आमच्याकडे बाळंतिणीला साधं उकळलेलं पाणी देत नाहीत. बडीशेप टाकून अर्धं आटवायचं. टोपाला पाण्याची रेघ दिसते, ती निम्म्यावर आली की उतरवायचं. असं पाणी हलकं होतं, पचतं, दूध उतरतं, असं माझी आजी सांगायची आणि तिची सासू सांगायची. आईनं बाळाच्या दुधाचं पाणीही तसंच करायला घेतलं, फक्त बडीशेप न टाकता. वीस मिनिटांची माझी ओळ आणि अर्धं आटवण्याची तिची रीत, दोन्ही एकत्र झाल्या. पहाटे उठून ती विहिरीवरून कळशी आणायची, फडक्यानं दोनदा गाळायची, चुलीवर ठेवायची. नळाच्या पाण्याला तिनं बाळाच्या खोलीतसुद्धा येऊ दिलं नाही.

"इतकं कशाला आटवतेस गं?" मी एकदा विचारलं होतं. घाईत, डबा भरता भरता.

"तूच सांगितलंस ना?"

"मी उकळ म्हटलं होतं."

"मग? जास्त उकळलं तर काय वाईट होतंय का?"

गाडी चुकत होती. मी म्हटलं, "वाईट काय होणार." हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं आहे, ते माझं मला माहीत.

बाळाला न्हाऊ घालायला वरच्या ठाकरवाडीतली एक म्हातारी यायची. आम्हा दोघी बहिणींनाही तिनंच न्हाऊ घातलेलं. डोंगर उतरून ती सकाळी आठच्या आत दारात हजर, आणि आल्या आल्या मला चिमटा काढल्याशिवाय तिच्या हाताला जोर यायचा नाही. "ही लहान असून आई झाली, आन् तू अजून बाटल्याच धुतेस कंपनीत?" मी म्हणायची, "बाटल्या धुवायला माणूस वेगळा आहे, मावशी." "मग त्याच्याशीच लगीन कर की."

बाळ तीन आठवड्यांचं होऊन वर दोन-तीन दिवस झाले असतील. रविवार होता म्हणून मी घरी. म्हातारीनं बाळाला पायांवर घेतलं, पाणी घातलं आणि मध्येच थांबली. तिनं बाळाची मूठ उघडली. नखं बघितली. मग अंगठ्यानं खालचा ओठ जरा ओढला.

"हिकडं ये गं," मला म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती. "हे बघ. रंग बघ."

नखांखाली आणि ओठांभोवती राखेत निळं मिसळल्यासारखा रंग होता. बाबा दारातून म्हणाले, "थंडी किती हाय. लवकर पुसून घे तिला."

"थंडीनं बोटं निळी व्हत्यात," म्हातारी म्हणाली. "पान्यात हाय तोवर ऊन हाय ना अंग? ऊन अंगात व्हट निळं नाय व्हत."

बहीण खाटेवरून उठायला लागली. आई म्हणाली, "तू नको उठू." पण तिच्या हातातला टॉवेल खाली पडला होता आणि तो उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

टेंपो मिळायला वेळ गेला नाही, शेजारचाच होता. कर्जतपर्यंतच्या रस्त्यात बाळ रडलं नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. बहीण दर दोन मिनिटांनी विचारायची, "ताई, श्वास घेतेय ना?" मी हात लावून बघायची आणि हो म्हणायची.

बालरोगाच्या डॉक्टरबाईंनी बाळाच्या पायाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. पडद्यावरचा आकडा खाली. ऑक्सिजन लावला. आकडा चढेना. त्यांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली. टाचेला सुई टोचून कापसावर रक्ताचा थेंब घेतला आणि तो उजेडात धरला. मी शेजारीच उभी होते. तो थेंब लाल नव्हता. चहाच्या गाळासारखा, तपकिरी. डॉक्टरबाई कापसाकडे बघत राहिल्या, पण हवेत राहूनही थेंब लाल झाला नाही.

"पाणी कुठलं वापरता दुधाला?" त्यांनी विचारलं.

आई पुढे झाली. तिला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. "विहिरीचं. आमची स्वतःची विहीर हाय. दोनदा गाळते, अर्धं आटवते. अर्ध्याच्या वर ठेवत नाय. हिनंच शिकवलंय आमाला, ही सायन्सची हाय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. पण मला त्या क्षणी कॉलेजचं एक पान डोळ्यांपुढे आलं, डाव्या बाजूचं, खालून तिसरी-चौथी ओळ. पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर तान्ह्या मुलाचं रक्त प्राणवायू धरून ठेवत नाही, बाळ निळं पडतं. परीक्षेला दोन मार्कांना यायचं. मी तो प्रश्न सोडवला होता आणि दोन्ही मार्क मिळाले होते.

नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार. मीठच समजा. तो जंतू नव्हे, की पंचायतीच्या बाटलीत काळा दिसेल किंवा उकळून मरेल. उकळताना पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे टोपातच राहतो. पाणी अर्धं झालं की क्षार दुप्पट दाट होतो. हे कळायला पदवीची गरज नाही. आमटी आटली की खारट होते, हे आईला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. पण भिंतीवर ओळ माझी होती.

डॉक्टरबाईंनी लगेच पनवेलला पाठवलं. तिथे रक्त तपासलं, हृदय ठीक निघालं, शिरेतून औषध दिलं. पहिल्या रात्री कोण काय बोललं ते मला आठवत नाही. सकाळी बहिणीनं बाळाचा हात माझ्यापुढे धरला. "ताई, नखं बघ." गुलाबी होती. मी बघितली, आणि तरी तिसऱ्या दिवशी घरी सोडेपर्यंत तासातासाला बघत राहिले. अजूनही कुणाच्या कडेवर तान्हं मूल दिसलं की माझी नजर आधी त्याच्या नखांवर जाते.

घरी यायला टेंपोत बसल्यावर आई म्हणाली, "मी तिला विष पाजत व्हते का गं?"

"तू नाही."

"मग कोण?"

मी म्हटलं, "आधी पाणी तपासू."

शुक्रवारी कामावर गेल्यावर प्रयोगशाळेतल्या आमच्या वरिष्ठ सरांना सगळं सांगितलं. बाहेरचं पाणी तिथे आणून तपासायचं नाही, हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. सरांनी नियम मोडला नाही. त्यांनी स्वतः बाजारातून नायट्रेटच्या पट्ट्यांची एक डबी मागवली आणि संध्याकाळी माझ्या हातात ठेवली. "तुमच्या घरासाठी. आणि पट्टीवर सगळा भरवसा ठेवू नका, नंतर सरकारी प्रयोगशाळेत रीतसर नमुना द्या." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आले तेव्हा चुलीवर काही नव्हतं. आई तीन दिवस पाणी उकळायलाच घाबरत होती. बाळाला बिसलेरीच्या पाण्यात दूध चाललं होतं, तेही चुलत भाऊ कर्जतवरून आणून द्यायचा. मी तीन पेले मांडले. एकात विहिरीचं ताजं पाणी. दुसऱ्यात तेच, आईच्या हातानं अर्धं आटवून गार केलेलं. तिसऱ्यात नळाचं.

पट्टी पाण्यात बुडवायची, काढायची, मिनिटभर थांबायचं. टोकाचा पांढरा चौकोन गुलाबी होतो. जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. डबीवर रंगांची रांग छापलेली असते, तिच्याशी जुळवायचं.

नळाच्या पाण्याची पट्टी जवळजवळ पांढरी राहिली. आई म्हणाली, "ती बिघडलेली असंल." मी दुसरी बुडवली. तीही तशीच. विहिरीच्या पाण्याची पट्टी गुलाबी झाली, मर्यादेच्या रंगाच्या पुढे. आटवलेल्या पाण्यातली पट्टी मी बाहेर काढली तेव्हा मिनिट पुरं व्हायच्या आतच जास्वंदीच्या कळीसारखी झाली. डबीवरच्या रांगेत तिच्याशी जुळणारा रंग शेवटचाच होता.

आईनं ती पट्टी हातात घेतली, उजेडाला धरली. डॉक्टरबाईंनी कापूस धरला होता तशीच.

"म्हणजे मी जितकं चांगलं करत गेले..." एवढंच म्हणाली आणि पेले उचलून न्हाणीत ओतून आली.

मग मला म्हणाली, "आता नळाचं द्यायचं? बाळाला? ज्यात आपण भांडी घासतो ते?"

"हो. नळाचं. गाळून, नीट उकळी फुटेपर्यंत उकळायचं आणि लगेच उतरवायचं. आटवायचं नाही."

"किती मिनिटं?"

मला त्या प्रश्नाची धडकी भरली. "उकळी फुटली की मिनिटभर. वर एक नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बाबांच्या मोबाइलमध्ये गजर लावून घेतला. एका मिनिटाचा.

रविवारी मी बाबांबरोबर बंगल्यांकडे गेले. विहिरीच्या वरच्या अंगाला, आमच्या जुन्या दुसऱ्या खाचराच्या जागी आता लॉन आहे. इतकं हिरवं, की डोळ्याला खोटं वाटावं. कडेला खतांच्या गोण्या. बाबा पोल्ट्रीतलं कोंबडखत आणून मुरवतात आणि महिन्याला युरियाही टाकतात. मालक फोनवर फोटो मागतात आणि बाबा त्यांना फोटो पाठवतात. ते लॉन त्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे, जशी माझी भिंतीवरची ओळ.

"यांचे संडास कुठे जातात?" मी विचारलं.

"टाकीत. टाकीतून शोषखड्ड्यात. तो काय तिथं." त्यांनी हातानं दाखवलं. मग दुसरा दाखवला, मग तिसरा. ओळीनं सगळे खालच्या बाजूला खणलेले, म्हणजे आमच्या विहिरीच्या बाजूला. शेवटच्या खड्ड्यापासून विहिरीचा कठडा स्पष्ट दिसत होता.

बाबांनीही तो पहिल्यांदा असा बघितला असावा. म्हणाले, "आमी उकिरडा कधी वरच्या अंगाला केला नाय. माझा बाप मारायचा. उकिरडा विहिरीच्या खाली, नदीकडं. वरती फक्त भात."

मी त्यांना सांगितलं ते मला जमेल तसं. भाताच्या खाचरात चार महिने पाणी तुंबून चिखल राहतो. त्या चिखलात हवा पोचत नाही, आणि तिथले सूक्ष्म जीव नायट्रेट फोडून त्याची हवा करून सोडतात. भात स्वतःही बरंच शोषून घेतं. खाचर म्हणजे आपल्या विहिरीच्या डोक्यावर घातलेलं फडकं होतं. आता तिथे मुरूम आहे, सगळं झरझर खाली जातं, आणि वरून आपण खत टाकतो, खालून संडासाचं पाणी सोडतो.

बाबांनी पायानं मुरूम उकरला. "म्हंजे चिखल व्हता तोवर बरं व्हतं म्हण."

"हो."

"आन् आमी आयुष्यभर म्हणायचो, या चिखलातून पोरी बाहेर पडू देत." ते हसले. मग त्यांनी विचारलं, "मी युरिया टाकला तो जास्ती, का त्यांचे खड्डे जास्ती?"

मला खरंच माहीत नव्हतं. पट्टी ते सांगत नाही. मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी युरियाची गोणी फोडली नाही. लॉन थोडं पिवळं पडलं आहे. मालकांना अजून फोटो गेलेला नाही.

पंचायतीत मी अर्ज दिला. सरकारी प्रयोगशाळेत नमुना दिला, त्याचा कागद अजून यायचा आहे. ग्रामसेवकांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि आत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "मॅडम, गावात लगेच बोलू नका. लोक घाबरतील." मी घाबरलेलीच होते. मला कळेना, बाकीच्यांनी का घाबरू नये.

पण खरं सांगायचं, तर मीही गप्प राहिले. बंगल्यांच्या जमिनी आळीतल्या अर्ध्या घरांनी विकलेल्या, अर्ध्या घरांतलं कुणीतरी तिथे कामाला. कागद येऊ दे, मग बोलू, असं मी स्वतःला सांगत होते. आठवडा असाच गेला.

सव्वा महिना झाला की आमच्याकडे बाळंतीण विहीर पुजते. कठड्याला हळदकुंकू, पाच पानं, नारळ, ओटी. मग ती पहिली कळशी शेंदते आणि त्या पाण्याचं बोट बाळाच्या ओठाला लावतात. आता या पाण्यावर तुझा हक्क, असा त्याचा अर्थ. वाडीतली म्हातारी पूजेला आली. आळीतल्या सहा-सात बायका आल्या. बंगल्यावरच्या वॉचमनची बायकोही हंडा घेऊन तिथे आली होती. परभणीकडची, लहानखुरी, कडेवर तीनेक महिन्यांची मुलगी. बंगल्याच्या बोअरचं पाणी तिला मचूळ लागायचं, म्हणून ती आमच्या विहिरीवर यायची. पूजा चाललेली बघून ती बाजूला थांबली होती.

बहिणीनं कळशी शेंदली. म्हातारीनं पाण्यात बोट बुडवलं आणि ते बाळाच्या ओठाजवळ नेऊन माझ्याकडे बघितलं. सगळ्याच माझ्याकडे बघायला लागल्या.

"चालंल का गं?" म्हातारीनं विचारलं.

एका थेंबानं काही झालं नसतं. हे मला माहीत होतं. पण मी चालेल म्हटलं असतं तर सहा घरांना कळलं असतं, की विहीर चांगली आहे, कॉलेजवालीनं सांगितलंय.

"नको, मावशी," मी म्हटलं. "बाळांना या विहिरीचं पाणी नको. कुठल्याच तान्ह्या बाळाला नको."

एक जण म्हणाली, "अगं, उकळून तर देतो आमी. वीस मिनिटं. तूच सांगितलेलं."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. इतके दिवस साठलेलं होतं ते बाहेर पडलं. "उकळूच नका गं! उकळल्यानंच झालं आमच्या बाळाला. हीच म्हणतेय आता, उकळायचं नाय."

बायकांत कुजबुज झाली. "आता उकळायचं नाय म्हणे." "कधी म्हणतात उकळा, कधी म्हणतात नको." कुणी हसली. म्हातारीनं बोट पदराला पुसलं आणि नारळ फोडायला घेतला. मी मोठ्यानं बोलायला लागले, की उकळायचं, मोठ्यांनी तर उकळायचंच, फक्त तान्ह्यांना... पण नारळ फुटला, पोरं खोबऱ्याला धावली, आणि माझं बोलणं त्यात गेलं. तेवढ्यात लक्षात आलं, वॉचमनची बायको हंडा भरून निघाली होती.

मला एकदम दिसलं, की माझी दुसरी ओळ भिंतीवर चढायला निघाली आहे. पहिली अर्धी होती, ही त्याहून अर्धी. आता वॉचमनची बायको घरी जाईल आणि विहिरीचं पाणी न उकळता बाळाच्या दुधात घालेल. नायट्रेट तर असेलच, वर जंतूही.

मी बांधावरून धावले. तो आता बांध नाही, बंगल्याच्या कुंपणाची कड आहे. पण पावलांना अजून बांधच माहीत आहे. कुंपणाच्या दारात तिला गाठलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. मी आधी त्याची मूठ उघडली. नखं गुलाबी होती.

"काय झालं, ताई?" ती घाबरली.

"बाळाला काय पाजतेस?"

"अंगावरचंच. पण आता कामाला जायचं म्हणून वरचं चालू केलंय चार दिवसांपासून. एका वक्ताला."

"पाणी?"

"हेच. उकळून देत व्हते. आता नाही उकळणार, तुमच्या आईनं सांगितलं ना."

मी तिला हंडा खाली ठेवायला लावला. हळूहळू सांगितलं. तुम्ही दोघांनी हे पाणी प्यायचं तर उकळूनच प्यायचं. बाळाला हे पाणी द्यायचंच नाही, उकळूनही नाही आणि न उकळूनही नाही. अंगावरचं जेवढं पाजता येईल तेवढं पाज. वरचं द्यायचं झालं तर नळाचं पाणी, गाळून, मिनिटभर उकळी, लगेच उतरवायचं.

"मग उकळायचं का नाही?"

मी पुन्हा सांगितलं. मग म्हटलं, "आता तू मला सांग." ती लाजली. तिला वाटलं मी परीक्षा घेतेय. पण म्हणाली. पहिल्यांदा चुकली, मोठ्यांचं आणि बाळाचं उलटंपालटं केलं. दुसऱ्यांदा बरोबर. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. एवढ्या वर्षांत आईला मी असं एकदाही म्हणायला लावलं नव्हतं.

"पण आमच्याकडं नळ नाही, ताई. आणि तुमच्याकडं आज पाण्याचा दिवस नाही."

ते खरं होतं. घरात नळाच्या पाण्याच्या दोन कळशा होत्या, बाळाच्या वाट्याच्या, झाकून ठेवलेल्या. मी तिला घेऊन घरी आले आणि त्यातली एक तिच्या हातात दिली. पूजेच्या बायका ओटीवर प्रसाद खात होत्या. आईनं आतून विचारलं, "कळशी कुठं चाललीय गं?"

मी सांगितलं. ती दारात आली. त्या बाईच्या कडेवरच्या मुलीची मूठ तिनं हलकेच उघडून बघितली, पुन्हा मिटली. मग ओटीवरच्या बायकांकडे वळून म्हणाली, "मघाशी मी अर्धं बोलले. आता ही पुरं सांगंल. खोबरं खाली ठेवा आन् ऐका."

मी सांगायला लागले. आत झाकून ठेवलेल्या, उरलेल्या एका कळशीवर माझं लक्ष होतं. पाणी उद्या येणार होतं, आलं तर.